बाटली ओतली, पीयूसी पास! पण गाडीचं काय?

मागच्या महिन्यात आमची गाडी नापास झाली.

बाबांची २००७ सालची पेट्रोल कार. आता माझ्याच ताब्यात असते म्हणा ना. पीयूसीवाल्या दादानं सायलेन्सरमध्ये नळी घातली, स्क्रीनकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाला, ''नाय बसत. सीओ दोनच्या वर चाललाय.'' या वयाच्या गाडीला परवानगी किती? ०.५ टक्के. म्हणजे काठावरही नाही, चांगलेच आपटलो होतो.

मी काही बोलायच्या आत त्यानंच उपाय सांगितला. ''टेन्शन नको घेऊ. पेट्रोलमध्ये टाकायची बाटली मिळते, साडेचारशेला. टाक, दोन दिवस फिरव आणि परत ये. होतं पास.''

गंमत म्हणजे मला हे माहिती होतं. कारण सहा महिन्यांपूर्वी मी नेमकं हेच केलं होतं. तेव्हा गाडी अगदी थोडक्यात नापास होत होती. बाटली ओतली, हायवेला एक चक्कर मारून आलो, पास! मित्रांना वर शहाणपणानं सांगितलंही, 'भावा, गॅरेजला कशाला जातोस? बाटली टाक.'

आज तेच मागे घ्यायला हा लेख लिहितोय.

त्या बाटलीत असतं तरी काय?

आधी एक स्पष्ट करू. सगळ्या बाटल्या फसव्या नसतात. पेट्रोलच्या गाडीत इंजेक्टर नावाची बारीक तोंडाची पिचकारी असते. वर्षानुवर्षं तिच्यावर थर बसतो, फवारा बिघडतो, पेट्रोल नीट जळत नाही. चांगल्या क्लीनरमध्ये पॉलीइथरअमाइनसारखं द्रव्य असतं, ते हा थर हळूहळू सोडवतं. पण त्यासाठी एक अख्खी टाकी चालवावी लागते. आणि मुळात दुखणं त्या थराचंच असावं लागतं.

तुमचा स्पार्क प्लग गेलाय? बाटली तो बदलत नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात आणि ऑइल जळतंय? बाटली रिंगा बसवत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला, विषारी वायूंचं रूपांतर करणारा डबा मेलाय? त्याला कुठलीच बाटली जिवंत करत नाही.

दुसरा लोकप्रिय जुगाड म्हणजे टाकीत स्पिरिट किंवा थिनर ओतणं. यामागे थोडं विज्ञान आहे. अल्कोहोलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत कार्बन मोनॉक्साइड थोडा उतरतो. पण आज पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आधीच मिसळलेलं असतं. जुगाड सरकारनंच करून ठेवलाय! त्यात आणखी ओतलं तर जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील खराब व्हायची भीती. शिवाय सेन्सर असलेल्या गाडीत कॉम्प्युटर मिश्रण स्वतःच सावरून घेतो, त्यामुळे फायदाही फारसा उरत नाही.

बाइकवाल्यांनो, तुम्ही हसू नका. कार्ब्युरेटरचा स्क्रू पीयूसीपुरता फिरवून घ्यायचा आणि गल्लीच्या तोंडाशी आलं की परत पहिल्यासारखा करायचा, हा त्याच बाटलीचा फुकटातला भाऊ आहे.

नापास होणं म्हणजे रिपोर्ट

बाटलीवाल्या दादाला 'बघतो' म्हणालो आणि या वेळी ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी पीयूसीचे आकडे विचारले. मी म्हटलं, ''आकडे कशाला? नापास झालीये.'' काका म्हणाले, ''अरे, रक्ताचा रिपोर्ट घरी ठेवून डॉक्टरकडे जातोस का?''

पीयूसीच्या कागदावर दोन मुख्य आकडे असतात, सीओ आणि एचसी. आपण फक्त 'पास' बघतो आणि कागद डिकीत टाकतो. पण ते आकडे गाडीबद्दल बरंच काही सांगत असतात. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. चोक अडकलाय, एअर फिल्टर तुंबलाय, सेन्सर चुकीचं सांगतोय, यापैकी काहीतरी. एचसी जास्त म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडतंय. तिथे संशय प्लगवर, इग्निशनवर, व्हॉल्व्हवर. दोन्ही जास्त असतील तर मिश्रणासोबत कन्व्हर्टरही तपासायचा. मेकॅनिकचं अर्धं काम या कागदानं केलेलं असतं.

आमच्या गाडीचा ऑक्सिजन सेन्सर गेला होता. धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे तो कॉम्प्युटरला सांगतो. तो गप्प झाल्यामुळे कॉम्प्युटर अंदाजपंचे पेट्रोल ओतत होता. सेन्सर, प्लग, फिल्टर, मजुरी मिळून बिल झालं २८०० रुपये. घरी जाऊन बाबांना सांगायचं जिवावर आलं होतं.

मग रात्री हिशोब मांडला. गाडी लिटरला १५ किलोमीटर द्यायची, ती १२ वर आली होती. मला वाटायचं, ट्रॅफिक वाढलंय. महिन्याला ५०० किलोमीटर धरले तर सहा महिन्यांत ३००० किलोमीटर. १५ च्या हिशेबानं २०० लिटर, १२ च्या हिशेबानं २५०. म्हणजे ५० लिटर पेट्रोल मी नुसतं सायलेन्सरमधून सोडलं. पाच हजारांच्या वर रुपये! साडेचारशेची बाटली मला पाच हजारांना पडली. शिवाय काकांनी बजावलं ते वेगळंच. असं जास्तीचं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळत राहिलं तर तो डबा तापून कायमचा जातो. मग २८०० मध्ये भागत नाही.

आणि सहा महिन्यांपूर्वी गाडी पास झाली ती बाटलीमुळेच का? खात्री देता येत नाही. कारण कन्व्हर्टर साधारण २५०-३०० अंश तापल्याशिवाय नीट काम करत नाही. मी हायवेला चक्कर मारून गरम गाडी घेऊन गेलो होतो. कदाचित त्या चक्करनंच पास केलं आणि श्रेय बाटलीला गेलं.

'पण मी एकट्यानंच का?'

तुम्ही म्हणाल, समोरचा डंपर काळाकुट्ट धूर ओकत जातो, त्याला कोण विचारत नाही आणि माझ्या बाइकच्या मागे काय लागता? मान्य. काही ठिकाणी नळी न घालताच, नुसता नंबरप्लेटचा फोटो काढून कागद हातात देतात, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्यातून चाचणी अपुरी आहे. पेट्रोल गाडीची पीयूसी नायट्रोजन ऑक्साइड्स आणि बारीक कण मोजतच नाही. गाडी उभी असताना मोजते, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये काय होतं ते तिला कळत नाही.

सगळं खरं. पण त्यामुळे फसवणूक योग्य ठरते का?

फोक्सवॅगनचं प्रकरण आठवा. २०१५ साली अमेरिकेत उघड झालं, की कंपनीनं डिझेल गाड्यांत असं सॉफ्टवेअर बसवलं होतं, जे चाचणी चालू आहे हे ओळखायचं. चाचणीत गाडी सभ्य, रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड्स मर्यादेच्या ४० पटींपर्यंत. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हे होतं. भारतातही पुण्याच्या एआरएआयच्या तपासणीनंतर कंपनीनं सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलावल्या. आपण किती शिव्या घातल्या त्यांना! पण चाचणीपुरतं सभ्य व्हायचं, ही कल्पना तीच आहे. त्यांनी सॉफ्टवेअर वापरलं, आपण साडेचारशेची बाटली वापरतो. प्रमाण वेगळं, वृत्ती सारखीच.

आणि पेट्रोलमध्ये काहीतरी टाकून झटपट प्रश्न सोडवण्याचा इतिहासही बरा नाही. १९२१ मध्ये अमेरिकेत इंजिनाची खडखड थांबवण्यासाठी शिशाचं एक संयुग पेट्रोलमध्ये टाकायची युक्ती सापडली. खडखड थांबली, शिसं मात्र लहान मुलांच्या रक्तात गेलं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं आणि जगातून ते हद्दपार झालं २०२१ मध्ये. शंभर वर्षं लागली! म्हणून बाटलीवर 'चमत्कार' लिहिलेलं दिसलं की आधी आत काय आहे ते वाचा. काही ऑक्टेन बूस्टरमध्ये मँगनीजचं संयुग असतं, त्याचा थर प्लगवर आणि कन्व्हर्टरमध्ये बसतो. म्हणजे पास व्हायला टाकायचं आणि पुढच्या वेळी नापास व्हायची सोय करून ठेवायची.

तो धूर जातो कुठे?

सिग्नलला थांबल्यावर आजूबाजूला बघा. आपल्या सायलेन्सरच्या उंचीवर कोण असतं? स्कूटरवर पुढे उभं असलेलं पोरगं. गजरे विकणारी मुलगी. थोडं वर, दिवसभर तिथेच उभा असलेला ट्रॅफिक हवालदार आणि पार्सलची बॅग पाठीवर घेतलेला, कदाचित तुमच्याच वर्गातला मित्र. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. त्याला वास नाही, रंग नाही. काळा धूर दिसतो म्हणून आपण डंपरला बोलतो. माझ्या गाडीतून मर्यादेच्या चौपट सीओ बाहेर पडत होता आणि तो कुणालाच दिसत नव्हता. मलाही.

जुनी गाडी वापरणं हा गुन्हा नाही. आपल्यापैकी बहुतेकांकडे बाबांची, काकांची, सेकंडहँड घेतलेली गाडीच असते आणि नवीन घ्यायला पैसे नसतात. 'जुनी गाडी भंगारात काढा' असं सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही. नीट राखलेली जुनी गाडी मर्यादेत बसू शकते, आमची बसली. सेन्सर बदलल्यावर सीओ ०.३ वर आला. पण जुनी गाडी वापरायची तर तिचं दुखणं ऐकायची तयारी हवी. तिचं तोंड बाटलीनं बंद करून चालणार नाही.

पुढच्या वेळी पीयूसीवाल्यानं बाटली सुचवली तर एवढंच म्हणा, 'दादा, आधी आकडे दाखव.'

पीयूसीला जाण्याआधी

• गाडी १५-२० मिनिटं चालवून, इंजिन गरम करून न्या. ही फसवणूक नाही, चाचणी गरम इंजिनावरच व्हायला हवी.

• एअर फिल्टर, प्लग आणि इंजिन ऑइल वेळेवर बदला. बाइकला हा खर्च काहीशे रुपयांतच भागतो.

• नळी सायलेन्सरमध्ये घालायलाच लावा. तुम्ही त्या तपासणीचेच पैसे देता.

• कागदावरचे सीओ-एचसीचे आकडे मोबाइलमध्ये जपून ठेवा. दर वेळी वाढत असतील तर नापास व्हायची वाट बघू नका.

• क्लीनर वापरायचाच तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये चालतो का ते पाहा, अख्खी टाकी चालवा. चाचणीच्या आदल्या दिवशीचा उतारा म्हणून नको.

• मुदत लक्षात ठेवा. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना एक वर्ष, त्याआधीच्यांना सहा महिने. वैध पीयूसी नसेल तर १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि लायसन्सही तीन महिने अडकू शकतं.