मागे राहिलेला एक जण



आषाढी पौर्णिमेपासून आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन चालते. दर रविवारी संध्याकाळी मंडळी जमतात. त्यात एक मावशी नेमाने येतात. पांढरे पातळ, हातात मेणबत्तीचा पुडा, मागच्या ओळीत बसणार आणि वाचन अर्ध्यावर असतानाच उठून जाणार. एकदा मी त्यांना पायरीवर गाठले. म्हटले, "मावशी, सरणत्तय होईपर्यंत तरी थांबत जा." त्या म्हणाल्या, "भाऊ, पोराला घरात ठेवून बाहेरून कडी लावून आलेय."

पोर म्हणजे सत्तावीस वर्षांचा तरणा मुलगा. तो डोळ्याला डोळा देऊन बोलत नाही. विचारलेला प्रश्नच पुन्हा म्हणून दाखवतो. लाऊडस्पीकर लागला की कानांवर हात ठेवून ओरडतो, म्हणून विहारात आणायची सोय नाही. त्याचे वडील नगरपालिकेत सफाई कामगार होते. निवृत्तीनंतर तीन वर्षांत ते गेले. आता मावशींच्या कुटुंब निवृत्तिवेतनावर घर चालते. "मी आहे तवर ठीक आहे. माझ्यामागं ह्याचं काय?" एवढेच त्यांनी विचारले.

मी कारकून माणूस. मी आधी कागद मागतो. विचारले, "अपंगत्वाचा दाखला कुठे आहे?" दाखला नव्हता. "ह्याचे वडील म्हणायचे, पोरावर शिक्का नको. घरात लग्नाची मुलगी होती ना!"

बंधूंनो, ही एका घराची गोष्ट नाही. म्हणून आजचा लेख दाखल्यावर.

दाखल्याची किंमत आपल्या समाजाइतकी कोणाला ठाऊक असेल? १९५६ साली आपण धम्मदीक्षा घेतली आणि केंद्राच्या सवलतींतून आपले नाव गेले. ते परत यायला १९९० साल उजाडले. त्या काळात किती मोर्चे निघाले, किती अर्ज झाले! सवलत म्हणजे भीक नाही, तो हक्क आहे, हे आपण तेव्हा जगाला सांगितले. मग आपल्याच घरातल्या मुलाचा हक्काचा कागद काढताना आपण मान खाली का घालावी?

प्रथम हा प्रकार काय आहे ते समजून घेऊ. इंग्रजीत त्याला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. हे वेड नव्हे, भूतबाधा तर नाहीच. आईच्या हेळसांडीने होतो हाही गैरसमज आहे. मेंदूची घडण जन्मापासूनच वेगळी असते. बोलणे, इतरांचा भाव ओळखणे, आवाज आणि गर्दी सहन करणे जड जाते. रोजचा क्रम बदलला तर जीव कासावीस होतो. कोणी बोलतच नाही, तर कोणी पदवीपर्यंत शिकते. आणि स्वमग्न मूल मोठे झाले तरी स्वमग्नच राहते. लहानपणी शाळेपुरती धावपळ होते, पण अठरा वर्षे उलटली की सगळे थंडावते. खरी गरज तेव्हाच सुरू होते.

कायद्यानेही या लोकांना बराच काळ विसरून टाकले होते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. त्यामुळे आज तिशी-पस्तिशीत असलेल्या अनेकांच्या जुन्या दाखल्यावर 'मतिमंद' लिहिलेले आहे, किंवा दाखलाच नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचे नाव आले. पुढे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात २१ प्रकार आहेत आणि स्वमग्नता त्यातला एक. वय उलटले म्हणून दाखला मिळत नाही, असे नाही. सत्तावीस काय, पंचेचाळीस वर्षांच्या माणसालाही अर्ज करता येतो.

आता कागद एकेक करून घेऊ. कात्रण कापून ठेवा.

पहिला कागद दाखल्याचा. सरकारच्या 'स्वावलंबन' संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो. आधार कार्ड, रहिवासाचा पुरावा आणि फोटो घेऊन जावे. मग नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. स्वमग्नतेसाठी ४० मुद्द्यांची एक भारतीय मोजणी आहे, त्यातल्या गुणांवरून टक्के ठरतात. बहुतेक हक्कांसाठी किमान ४० टक्के लागतात. तपासणीच्या दिवशी आईने मूल 'चांगले दिसावे' म्हणून झाकू नये. रात्री किती झोपतो, रस्ता एकटा ओलांडतो का, आंघोळीला मदत लागते का, हे घरून लिहून न्यावे.

दुसरा कागद पालकत्वाचा. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने ते सज्ञान होते. त्यानंतर आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. तिच्याकडे अर्ज करून पालक नेमून घेता येतो, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. नेमलेल्या पालकाला मालमत्तेचा हिशेब द्यावा लागतो, हेही ध्यानात ठेवा. पण प्रत्येक स्वमग्न माणसाला पालकाची गरज असतेच असे नाही. ज्याला आपले कळते त्याला स्वतःची सही स्वतः करू द्यावी. दुसऱ्याने आपल्या नावाने अंगठा उठवणे म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांनी सोसलेले आहे.

तिसरा कागद निवृत्तिवेतनाचा, आणि इथे सर्वांत जास्त घरे चुकतात. जुन्या निवृत्तिवेतन योजनेतल्या कर्मचाऱ्याच्या पश्चात आधी पत्नीला आणि तिच्यानंतर उपजीविका मिळवू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. पंचविशीची अट त्याला नसते. म्हणून नोकरीत असतानाच कुटुंबाच्या तपशिलात मुलाचे नाव आणि दिव्यांगत्व नोंदवून पोच घ्यावी. नोंद नसली तर पुढे भावंडांना वर्षानुवर्षे हेलपाटे पडतात. खासगी कारखान्यात किंवा कंत्राटावर असाल आणि भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल, तर १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतही कायम व पूर्ण अपंग मुलाला वयाची मर्यादा न लावता पेन्शन आहे.

चौथा कागद अनुदानाचा. तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज मिळतो. दिव्यांगांचे मासिक अनुदान २०२५ साली दीड हजारांवरून अडीच हजार रुपये झाले. पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा दिव्यांगासाठी वर्षाला ५० हजार रुपये ठेवलेली आहे. म्हणजे दिवसाला १३७ रुपये. नाक्यावर उभा राहणारा मजूरही यापेक्षा जास्त मिळवतो. बाप कमावतो म्हणून तिशीच्या मुलाचे अनुदान अडवायचे, हा कुठला न्याय? ही मर्यादा वाढवण्यासाठी आपल्या संघटनांनी निवेदने दिली पाहिजेत.

याशिवाय राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो. महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आपल्या वॉर्डात तो कुठे गेला, हे नगरसेवकाला विचारा.

आता कामाविषयी. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना चार टक्के आरक्षण आहे. त्यातला एक टक्का स्वमग्न, बौद्धिक दिव्यांग, अध्ययन अक्षम, मानसिक आजारी आणि बहुविकलांग अशा सर्वांत मिळून आहे. हे आरक्षण समांतर असते. म्हणजे आपला मुलगा त्यातून लागला की अनुसूचित जातीच्या जागेत मोजला जातो. केंद्राच्या भरतीत दिव्यांगाला वयात दहा वर्षे आणि अनुसूचित जातीच्या दिव्यांगाला पंधरा वर्षे सवलत आहे. २०२१ च्या जानेवारीत केंद्राने दिव्यांगांना योग्य अशा ३,५६६ पदांची यादी काढली. यादी झाली, पण पदे कुठे आहेत? शिपाई, सफाई, हमाल ही कामे कंत्राटात गेली. कायम जागा गेली की दोन्ही आरक्षणे एकदमच बुडतात. म्हणून कंत्राटीकरणाविरुद्धचा लढा या मुलांचाही लढा आहे.

मावशींना मी म्हटले, पोराला काहीतरी काम बघू. त्या दचकल्या. "काम केलं तर पुढं पेन्शन तुटंल ना?" ही भीती खरी आहे. तिच्यापायी कितीतरी धडधाकट हात घरात बसून आहेत. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत २०२१ साली नियम सुधारला. दिव्यांग मुलाचे स्वतःचे उत्पन्न आईवडिलांच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई यापेक्षा कमी असेल, तर त्याचा हक्क राहतो. इतरांनी आपापल्या कार्यालयाकडून नियम लेखी मागून घ्यावा, तोंडी सांगण्यावर जाऊ नये. आठवड्याला चार पैसे मिळवणे वेगळे आणि उपजीविका चालवणे वेगळे, हे साहेबाला ठणकावून सांगावे लागते.

तथागतांच्या संघात चुल्लपंथक नावाचा एक भिक्खू होता. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. सख्ख्या थोरल्या भावानेच, महापंथकाने, त्याला घरी परत जायला सांगितले. जीवकाच्या घरी भोजनाचे निमंत्रण होते, त्यातूनही त्याला वगळले. रडत निघालेल्या चुल्लपंथकाला तथागतांनी दारातच अडवले. त्यांनी त्याला गाथा दिली नाही. एक स्वच्छ पांढरे वस्त्र हातात दिले आणि ते चोळत राहायला सांगितले. वस्त्र मळत गेले, आणि सारे काही बदलते हे जे त्याला शब्दांतून कळले नव्हते ते हाताच्या कामातून कळले. तिकडे जीवकाच्या घरी पाणी सोडायची वेळ झाली तेव्हा तथागतांनी पात्रावर हात ठेवला. विहारात कोणी मागे राहिले आहे का, असे विचारले. त्या एकाला आणल्यावरच भोजन झाले.

आजचा कायदा ज्याला वाजवी सोय म्हणतो ती हीच. माणसाला नापास करण्याआधी काम बदलून पाहायचे.

आपल्याच एका बंधूंचे बाइंडिंगचे छोटे दुकान आहे. वह्यांची पाने क्रमाने लावायची, मोजायची आणि गठ्ठा बांधायचा. मावशींच्या मुलाला तिथे बसवले. पहिल्या दिवशी कटिंग मशीन सुरू होताच तो पळाला. मालकाने मशीनची वेळ दुपारनंतर ठेवली आणि याला अकरा ते दोन बोलावले. बसायची जागा एकच, भिंतीकडे तोंड करून. काय करायचे ते पुठ्ठ्यावर चित्रांनी काढून दिले. आता एखाद्या वहीत एक पान कमी असले तर त्याच्या हातून ती सुटत नाही. पगार थोडा आहे, पण तो त्याच्या नावाच्या खात्यात जमा होतो. दाखल्याला मात्र सात महिने आणि पाच फेऱ्या लागल्या. शेवटच्या फेरीला महिला मंडळाच्या दोघी सोबत आल्या होत्या.

आपल्या राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये काम, शिक्षण आणि बेकारी, वार्धक्य, आजार, अपंगत्व यांत सरकारी साहाय्य मिळण्याच्या हक्काची तरतूद राज्याने करावी, असे सांगितले आहे. काम आणि साहाय्य एकाच कलमात आहे. त्यातले एक घ्या आणि दुसरे सोडा, असे बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालच्या मसुदा समितीने लिहिले नाही.

प्रत्येक विहार कमिटीला माझी विनंती आहे. आपल्या वस्तीत बाहेरून कडी लावलेली घरे किती, याची एक यादी करा. दाखल्याच्या फेरीला सोबत माणूस द्या. आणि महिन्यातून एक रविवार लाऊडस्पीकर बंद ठेवून वंदना घ्या. आम्ही गेल्या महिन्यात तसे केले. तो मुलगा दारापाशी चप्पल रांगेत लावत बसला होता. मावशी सरणत्तय होईपर्यंत थांबल्या.

जयभीम! नमो बुद्धाय!