जुळ्या बहिणी आणि पडद्यामागची मालकी

हिंदी चित्रपटाला जुळ्या बहिणींचे कथानक नेहमीच प्रिय वाटत आले. प्रत्यक्षातल्या जुळ्या बहिणींची गरज मात्र त्याला फारशी पडली नाही. १९७२ च्या 'सीता और गीता'त हेमामालिनी आणि १९८९ च्या 'चालबाज'मध्ये श्रीदेवी यांनी एकेकीनेच दोघींची कामे केली. प्रेक्षकांनी हे चित्रपट डोक्यावर घेतले, त्यात वावगे काही नाही. तथापि दुसऱ्याच्या कॅमेऱ्याला जुळेपण गंमत म्हणून हवे असते, त्यामागच्या दोन स्वतंत्र व्यक्ती नको असतात, हेही त्यातून दिसते.

कॅनडातील व्हँकूव्हरच्या जेन आणि सिल्व्हिया सोस्का या जुळ्या भगिनींना हाच अनुभव आला. अभिनयाच्या क्षेत्रात त्यांच्या वाट्याला येत त्या साचेबंद जुळ्यांच्या भूमिका. अखेर बोलावण्याची वाट पाहणे सोडून २००९ मध्ये त्यांनी तुटपुंज्या पैशांत स्वतःच चित्रपट काढला आणि त्यात कामेही केली. २०१२ च्या 'अमेरिकन मेरी'ने त्यांचे नाव झाले. त्यांचे रक्तरंजित भयपट सर्वांना रुचतील असे नाही. त्यांनी उचललेले पाऊल मात्र विचार करण्याजोगे आहे. कोणती गोष्ट सांगायची हे निर्माता ठरवतो. तो अधिकार हाती नसेल तर नटीची कारकीर्द परस्वाधीनच राहते.

सांगलीकरांनी या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी येथे 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हा स्त्रीभूमिकाही पुरुषच करीत. पुढे १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. अभिनयाचे दार स्त्रियांना उघडले. मालकीचे दार त्या मानाने किलकिलेच राहिले.

मालकी किती महाग पडते, हेही सांगलीने पाहिले आहे. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत पिक्चर्सने १९३४ मध्ये 'कृष्णार्जुन युद्ध' हा चित्रपट काढला. चित्रपटाच्या या व्यवसायात दीनानाथांना मोठी खोट आली. १९४२ मध्ये ते निवर्तले आणि घर चालवण्यासाठी कोवळ्या वयाच्या लताबाईंना तोंडाला रंग लावावा लागला. 'पहिली मंगळागौर' आणि 'माझे बाळ' यांत त्यांनी कामे केली. पण ते काम त्यांच्या मनाला कधी रुचले नाही. त्याच लताबाईंनी १९५३ मध्ये 'वादळ' हा मराठी चित्रपट आणि १९९० मध्ये 'लेकिन' यांची निर्मिती केली. वडिलांना ज्या वाटेने पोळले, तीच वाट मुलीने पुन्हा धरली. मात्र आता तिच्यापाशी गळ्याच्या बळावर मिळवलेली स्वतःची मिळकत होती. हा फरक लहान नाही.

आज कॅमेरा त्या काळाइतका दुर्लभ राहिलेला नाही. नटी होण्यासाठी मुंबईला आलेल्या आसामच्या रीमा दास यांनी आपल्या छायगावी जाऊन 'व्हिलेज रॉकस्टार्स' हा चित्रपट केला. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, सारे त्यांचेच. ध्वनिमुद्रण नात्यातल्या बहिणीने, मल्लिका दास यांनी सांभाळले. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला आणि ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मल्लिका यांना त्यांच्या स्वतःच्या नावाने मिळाला.

ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. घरच्या माणसांवर उभ्या राहिलेल्या उद्योगात बहुधा हिशेब राहत नाही. बहिणी-बहिणींत कागद कशाला, असे म्हटले जाते आणि मग नाव एकीचे व राबणूक दुसरीची अशी वेळ येते. त्यातून एकीला लग्नानंतर गाव सोडावे लागले, तर तिच्या वाट्याचे काय? जुळ्या असोत वा थोरली-धाकटी, भांडवल, श्रेयनामावली आणि चित्रपटाचे हक्क यांची वाटणी पहिल्याच दिवशी लेखी झाली पाहिजे. त्याने जिव्हाळा उणावत नाही. उलट तो टिकण्याची शक्यता वाढते.

उरतो प्रश्न चित्रपट दाखवायचा कोठे, हा. मोठ्या चित्रपटांच्या गर्दीत अशा कृतींना सोयीची वेळ मिळणे कठीण असते. रंगभूमीच्या सेवकांना विष्णुदास भावे गौरवपदक देण्याची सांगलीची परंपरा आदरास पात्र आहेच. परंतु पदक मिळते ते आयुष्यभराच्या सेवेनंतर. पडदा लागतो तो आरंभीच. नाट्यपंढरीतील रसिकांनी आणि संस्थांनी महिन्यातून एक संध्याकाळ अशा चित्रपटांसाठी राखून ठेवावी, तिकीट लावून ते पाहावेत आणि जमलेल्या रकमेचा हिशेब करणारणींच्या हाती द्यावा. मुलींना कौतुकाचे चार शब्द आजवर पुष्कळ मिळाले. तिकिटाचे पैसे त्यांना पुढचा चित्रपट काढण्याचे बळ देतील.