समुद्रतळाचा सातबारा कोणाच्या नावावर?

जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खोल समुद्र मोहिमेला मंजुरी दिली आणि पाच वर्षांसाठी ४,०७७ कोटी रुपयांचा अंदाजित खर्च मान्य केला. ‘मत्स्य ६०००’ या पाणबुडीतून तीन माणसांना सहा हजार मीटर खोल उतरविणे हा या मोहिमेचा सर्वांत गाजलेला भाग. अशा वेळी पुरोगामी मंडळींच्या तोंडी एक आक्षेप ठरलेला असतो : खेड्यातल्या विहिरी कोरड्या पडत असताना समुद्राचा तळ गाठण्याची ही चैन कशाला? आक्षेप कळवळ्यातून येतो खरा. परंतु तो चुकीच्या दाराशी जाऊन उभा राहतो. ज्ञान ही श्रीमंतांची चैन आहे असे गरिबांच्या कैवाऱ्यांनीच एकदा मान्य केले, की ज्ञानाची मक्तेदारी श्रीमंतांना आंदण मिळते. खोल समुद्राच्या बाबतीत गेली पासष्ट वर्षे नेमके हेच घडत आले आहे.

२३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे मारियाना गर्तेच्या तळाशी, सुमारे १०,९०० मीटर खोलीवर पोहोचले. उतरायला जवळजवळ पाच तास लागले. नऊ हजार मीटरच्या सुमारास खिडकीच्या बाहेरच्या थराला तडा गेला आणि सारे यान हादरले. तरीही ते दोघे खाली गेले आणि वीस मिनिटे तळावर थांबले. त्या धैर्याला वंदन केलेच पाहिजे. मात्र ‘त्रिएस्ते’ हे यान अमेरिकेच्या नौदलाने १९५८ साली विकत घेतलेले होते आणि त्याचा पोलादी गोल जर्मनीतील क्रुप कारखान्यात घडला होता, हेही विसरता येत नाही. तीनच वर्षांनी, १९६३ साली, हेच यान बुडालेल्या ‘थ्रेशर’ या अणुपाणबुडीचा शोध घेण्यास जुंपले गेले. पुढे माणसाला त्या तळाशी परत जायला बावन्न वर्षे लागली, आणि २०१२ साली जो गेला तो चित्रपट दिग्दर्शक जेम्स कॅमेरून होता. २०१९ साली व्हिक्टर वेस्कोव्हो गेला. तो खाजगी गुंतवणुकीच्या धंद्यातला धनाढ्य. आधी नौदल, मग धनिक. २०२० साली चीनचे सरकारी यान उतरले, तेव्हा या पंक्तीत आणखी एका महासत्तेचे पान मांडले गेले, इतकेच.

वास्तविक हा तळ कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर जगाने कागदावर फार पूर्वीच दिले आहे. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टासारख्या चिमुकल्या, तीनच वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या देशाचे प्रतिनिधी अर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मागणी केली, की राष्ट्रांच्या हद्दीपलीकडील समुद्रतळ हा सबंध मानवजातीचा सामाईक वारसा मानला जावा. १९७० साली आमसभेने तसा ठराव केला. १९८२ च्या सागरी कायद्यात ते तत्त्व कलम म्हणून आले. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. गाव म्हटले की गायरान आले, आणि गायरान म्हटले की त्यावर हळूच कुंपण सरकविणारा बडा बागायतदारही आलाच.

ते कुंपण कसे सरकले हे पाहण्यासारखे आहे. १९७४ साली हॉवर्ड ह्यूजच्या नावाने ‘ग्लोमार एक्स्प्लोरर’ नावाचे प्रचंड जहाज पॅसिफिकमध्ये गेले. तळावरचे मँगनीजचे गोटे गोळा करण्यासाठी ते निघाले आहे, असे जगाला सांगण्यात आले. प्रत्यक्षात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला १९६८ साली बुडालेली एक सोव्हिएत पाणबुडी उचलायची होती. त्याच जुलै-ऑगस्टमध्ये काराकास येथे राष्ट्रांचे प्रतिनिधी समुद्राच्या सामाईक मालकीवर खल करीत बसले होते! १९८२ चा करार झाला तेव्हा रेगन सरकारने सही नाकारली. खोल पाण्यातील तंत्रज्ञान गरीब राष्ट्रांना सक्तीने द्यावे लागेल, ही त्यातील तरतूद बड्यांना खुपत होती. १९९४ च्या पूरक कराराने ती काढून टाकण्यात आली. अमेरिकेने मात्र मूळ करार त्यानंतरही स्वीकारला नाही. आणि २४ एप्रिल २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी आंतरराष्ट्रीय तळावरील खनिजांचे परवाने अमेरिकेनेच झपाट्याने द्यावेत असा आदेश काढला. पाचच दिवसांत एका कॅनेडियन कंपनीच्या अमेरिकी उपकंपनीचा अर्ज दाखलही झाला. किंग्स्टनला बसलेले आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण हा या गायरानाचा तलाठी; त्याला विचारतो कोण?

‘कसेल त्याची जमीन’ ही श्रमिकांची घोषणा. समुद्राच्या पोटात तिचे विडंबन चालले आहे : उतरेल त्याचा तळ. उतरते कोण, याचा हिशेब आता उपलब्ध आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे खोल समुद्रतळापैकी माणसाने डोळ्यांनी किंवा कॅमेऱ्याने पाहिलेला भाग ०.००१ टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजे लाखात एक भागसुद्धा नाही. आणि नोंद झालेल्या बुड्यांपैकी ९७ टक्के अमेरिका, जपान, न्यूझीलंड, फ्रान्स व जर्मनी या पाच देशांनी मारलेल्या आहेत. सबंध मानवजातीचा वारसा, आणि त्याकडे पाहण्याची मुभा पाच घरांना!

जो भाग कोणी पाहिलाच नाही, तो खणायला निघालेल्यांचा युक्तिवाद असा, की वीजगाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी निकेल व कोबाल्ट हवे. म्हणजे हे पर्यावरणाचेच काम. परंतु निकेल-कोबाल्टविरहित लोह-फॉस्फेटच्या बॅटऱ्या आज लक्षावधी गाड्यांत बसत आहेत. उलट तळावरचा बटाट्याएवढा गोटा वाढतो तो दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. १९८९ साली पेरूजवळच्या समुद्रात चार हजार मीटरहून खोल तळ शास्त्रज्ञांनी प्रयोगासाठी नांगरून पाहिला. २६ वर्षांनी, २०१५ साली, ते तास जसेच्या तसे दिसले. आणि माणूस पोहोचण्याची वाट कारखान्यांच्या विषाने कधी पाहिलीच नाही : १९७० च्या दशकापासून अनेक देशांनी बंद केलेली पीसीबी नावाची रसायने २०१७ साली मारियाना गर्तेतील झिंग्यासारख्या इवल्या जीवांच्या शरीरात विपुल प्रमाणात आढळली. हेही शोधाशिवाय कळले नसते, हे चैनीचा आक्षेप घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता भारताविषयी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ जहाजावरून धातूचे पहिले गोटे वर काढले. भाड्याच्या कीर्तीचा नव्हे, स्वतःच्या कष्टाचा तो पराक्रम होता. १९८७ साली ‘अग्रगामी गुंतवणूकदार’ म्हणून जगात पहिली नोंद भारताची झाली, आणि मध्य हिंदी महासागरातील ७५,००० चौरस किलोमीटर तळ, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ चतुर्थांशाएवढा, आज अन्वेषणासाठी भारताकडे आहे. तथापि ‘अन्वेषण’ हा शब्द फसवा आहे. प्रयोगशाळेत त्याचा अर्थ जाणून घेणे. किंग्स्टनच्या करारपत्रात त्याचा अर्थ खाणीपूर्वीची पाहणी. परिषदांत तिसऱ्या जगाच्या वतीने बोलायचे आणि गायरानाची वाटणी सुरू झाली की बागायतदारांच्या ओळीत जाऊन बसायचे, ही दुटप्पी चाल भारतीय राज्यकर्त्यांनी चार दशके चालविली आहे. या खाणींना स्थगिती द्यावी असे म्हणणाऱ्या राष्ट्रांची संख्या २०२५ पर्यंत चाळीसच्या घरात गेली. फ्रान्स आणि जर्मनीही त्यांत आहेत, भारत नाही.

तेव्हा आग्रह धरायचा तो मोहीम बंद करण्याचा नव्हे. भारताने स्थगितीच्या बाजूने उभे राहावे, आपल्या ७५,००० चौरस किलोमीटरचे सारे नकाशे व नमुने जगाला खुले करावेत, आणि खणण्याचा कोणताही निर्णय संसदेत चर्चा झाल्याखेरीज घेऊ नये, हा आग्रह धरला पाहिजे. ‘मत्स्य’मध्ये तीन आसने आहेत. एक चालकाचे, एक भारतीय संशोधकाचे. तिसरे श्रीलंका, मालदीव, केनिया, टांझानिया या शेजाऱ्यांच्या संशोधकांसाठी आळीपाळीने राखून ठेवायला ४,०७७ कोटींवर एक रुपयाही वाढवावा लागणार नाही.