बक्षीसपत्र : सही करण्यापूर्वी

वडीलधारी व्यक्ती गेल्यानंतर शोकाचे दिवस सरतात न सरतात तोच राहते घर आणि दुकान कोणाच्या नावे व्हावे, हा प्रश्न उभा राहतो. इच्छापत्र असले तरी ते मृत्यूनंतरच अमलात येते. वारसाने हरकत घेतल्यास त्याचा खरेपणा न्यायालयात सिद्ध करावा लागतो. न्यायालयाच्या या प्रमाणपत्रास प्रोबेट म्हणतात. मुंबईतील स्थावर मिळकतीसंबंधी हिंदू व जैनांच्या इच्छापत्रांना ते अनेक दशके सक्तीचे होते. हा फेरा टाळण्यासाठी अनेक कुटुंबे हयातीतच बक्षीसपत्र करतात.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 नुसार स्थावर मिळकतीच्या बक्षीसपत्रावर दात्याची सही व किमान दोन साक्षीदार लागतात, दस्ताची नोंदणी करावी लागते आणि घेणाऱ्याने दात्याच्या हयातीतच स्वीकार करावा लागतो. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे अथवा दिवंगत मुलाची पत्नी यांना दिल्यास मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये आहे. दुकान किंवा गोदाम याच नात्यात दिले तरी ही सवलत मिळत नाही; मुलास वा मुलीस दिल्यास मूळ दर 3 टक्के आहे. भावाबहिणीस घर दिले तरी दर तोच. स्थानिक अधिभार वेगळा असू शकतो, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात चालू दर आधी विचारावा.

मात्र इच्छापत्र कधीही बदलता येते. बक्षीसपत्र मन पालटले म्हणून मागे घेता येत नाही. नोंदणी झाली की मालकी त्याच दिवशी मुलाची. पुढे त्याने घर विकले वा कर्जापोटी तारण ठेवले, तर वृद्ध आईवडिलांच्या डोक्यावरचे छप्पर धोक्यात येते. मुलावरील विश्वास कितीही दृढ असला, तरी व्यापारात नुकसान आल्यास धनको त्याच्या नावावरील मिळकतीकडे वळतात, हे व्यापारी कुटुंबांस वेगळे सांगावे लागत नाही.

यावर उपाय दस्तातच आहे. दात्यास व त्याच्या पत्नीस तहहयात राहण्याचा आणि भाडे घेण्याचा हक्क राखून ठेवता येतो. असा हक्क राखल्याने बक्षीसपत्र अवैध ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये स्पष्ट केले आहे. दुसरे कलम सांभाळाचे. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या अधिनियमातील कलम 23 प्रमाणे, सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत घेऊन ती अट मोडली, तर साठी ओलांडलेल्या दात्यास न्यायाधिकरणाकडून हस्तांतरण रद्द करून घेता येते. ही अट दस्तात शब्दशः लिहावी. तोंडी आश्वासनाच्या भरवशावर राहू नये.

मिळकत स्वतःची आहे की हिंदू अविभक्त कुटुंबाची, हेही आधी तपासावे. कुटुंबाची मिळकत कर्त्यास आपल्या मर्जीने बक्षीस देता येत नाही. दुकान कॅश क्रेडिटसाठी तारण असेल, तर बँकेची लेखी संमती घ्यावी. नोंदणीनंतर मिळकत पत्रिका, सातबारा किंवा गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरी नाव लावून घ्यावे.

आणि ज्या मुलामुलींना मिळकत मिळणार नाही, त्यांना हा निर्णय वडीलधाऱ्यांनी स्वतः सांगावा. बक्षीसपत्राने प्रोबेट टळेल. पण घरात न झालेला संवाद पुढे दाव्याच्या रूपाने न्यायालयात पोहोचू शकतो.