कानाला सारखे वाटले म्हणून नाते जुळत नाही

१/ इतिहासप्रेमींच्या या जगात सध्या एक साथ पसरली आहे. कोणतेही दोन शब्द घ्यावेत, ते कानाला सारखे वाटले की त्यांच्यात रक्ताचे नाते जाहीर करावे, आणि त्या नात्यावर एखाद्या गावाचे, जातीचे किंवा अख्ख्या खंडाचे मूळ उभे करावे. हा थ्रेड त्या साथीविरुद्ध आहे. थोडा लांबेल.

२/ या पंथाचे आपल्याकडचे सर्वांत प्रसिद्ध आचार्य पु. ना. ओक. त्यांच्या मते व्हॅटिकन म्हणजे ‘वाटिका’ आणि ख्रिश्चॅनिटी म्हणजे ‘कृष्णनीती’. वस्तुतः व्हॅटिकन हे त्या टेकडीचे नाव पोप होण्याआधीचे, प्राचीन रोमन काळातले. ‘ख्रिस्त’ हा ग्रीक शब्द, अर्थ ‘अभिषिक्त’, आणि तो हिब्रू ‘मशीआह’चा अनुवाद. ओकांना हसणारे आज पुष्कळ आहेत. पण त्यांतले बरेच जण स्वतःच्या आडनावाचा विषय निघाला की तीच रीत बिनदिक्कत वापरतात.

३/ साम्य फसवते. इंग्रजी ‘बॅड’ आणि फारसी ‘बद’ (आपल्या ‘बदनाम’मधला) घ्या. उच्चार जवळचा, अर्थ एकच, संबंध मात्र शून्य. फारसी शब्दाचे जुने रूप ‘वद’ असे होते. म्हणजे काळात मागे जावे तसे हे दोन शब्द परस्परांपासून दूर सरकतात. उलट इंग्रजी ‘व्हील’ आणि आपले ‘चक्र’ यांत एकही ध्वनी समान उरलेला नाही, आणि तरीही ते एकाच मुळाचे आहेत.

४/ मग नाते ठरते कशाने? नियमितपणाने. हस्त–हत्थ–हात. सप्त–सत्त–सात. अष्ट–अट्ठ–आठ. कर्म–कम्म–काम. दुग्ध–दुद्ध–दूध. आधी जोडाक्षराचे द्वित्त झाले, मग द्वित्त सुटले आणि आधीचा स्वर दीर्घ झाला. एका शब्दात नव्हे, शब्दांच्या रांगेच्या रांगेत. मधली पायरी ऐकायची असेल तर पंजाबी माणसाला हात आणि काम म्हणायला सांगा: तो आजही ‘हत्थ’ आणि ‘कम्म’ म्हणतो.

५/ तसेच संस्कृत ‘स’च्या जागी फारसीत ‘ह’: सिंधु–हिंदु, मास–माह, सप्त–हफ्त. म्हणून बँकेचा हप्ता आणि तुमचे ‘सात’ हे दूरचे भाऊ आहेत. असा नियम दाखवता येत नसेल तर केवळ साम्याला पुरावा म्हणू नये.

६/ भाषाशास्त्राचा पहिला धडा मात्र पुस्तकात नाही, तोंडात आहे. ‘जन’ म्हणा, मग ‘दोन जण’ म्हणा. ‘चंद्र’ म्हणा, मग ‘चांदणे’. जिभेची जागा बदलली? अक्षर तेच, ध्वनी दोन. ‘चांदणे’ आणि ‘जण’ हे लोकांच्या तोंडून शतकानुशतके झिजत आलेले शब्द. ‘चंद्र’ आणि ‘जन’ हे नंतर संस्कृतातून, ग्रंथांच्या वाटेने पुन्हा घेतलेले. मराठीच्या इतिहासाचे दोन थर तुमच्या जिभेवर आहेत आणि देवनागरी ते लपवते.

७/ लिपी म्हणजे भाषा नव्हे, हे म्हणूनच आधी शिकायचे. ‘मोडी भाषा’ असे लिहिणारे इतिहासाचे पदवीधर मी मोजणे सोडून दिले आहे. मोडी ही लिपी आहे, त्या कागदांची भाषा बहुतेक वेळा मराठी. नाणेघाटातला लेख ब्राह्मी लिपीत आहे, भाषा प्राकृत. आणि प्रत्येक बोलीरूपाला ‘अपभ्रंश’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी वरची रांग पुन्हा पाहावी: ‘हात’ हा बिघडलेला ‘हस्त’ नाही, नियमाने घडलेला शब्द आहे.

८/ आता श्रवणबेळगोळ. गोमटेश्वराच्या पायाशी ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ अशी ओळ आहे. स्पर्धा परीक्षांची पुस्तके ‘पहिला मराठी शिलालेख, इ.स. ९८३’ असे छापून मोकळी होतात. शेजारची मराठी ओळ गंगराजाची, आणि तो बाराव्या शतकाच्या आरंभीचा होयसळ सेनापती. दोन्ही ओळी एकाच वेळी कोरल्या असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. मूर्तीचा काळ आणि अक्षरांचा काळ एकच असतो, हे गृहीत धरण्याचा आपल्याला अधिकार नाही.

९/ पण वर्षाच्या भांडणापेक्षा मौल्यवान गोष्ट तिथेच आहे आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. हेच विधान तिथे कन्नडात आणि तमिळमध्येही कोरलेले आहे. कन्नड ‘माडिसिदं’, तमिळ ‘शेय्वित्तान्’, मराठी ‘करवियलें’. तिन्ही प्रयोजक क्रियापदे: स्वतः केले नाही, करवून घेतले. कन्नड आणि तमिळ वाक्यांत चावुंडराज प्रथमेत आहे आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे पुल्लिंगी चालते. मराठीत तो तृतीयेत गेला आहे: ‘चावुण्डराजें’, म्हणजे ‘चावुंडराजाने’. क्रियापद त्याला जुमानतच नाही. ते नपुंसकलिंगी ‘करवियलें’ आहे. आजही आपण ‘राजाने केले’, ‘राणीने केले’ असेच म्हणतो. एका दगडावर दोन भाषाकुळे शेजारी उभी आहेत, आणि त्यांतला भेद शब्दांत नाही, वाक्याच्या हाडांत आहे. शब्द उसने घेता येतात. मराठीने कन्नडातून ते भरपूर घेतलेही. म्हणून चार कन्नड शब्द सापडले की ‘मराठी ही मुळात द्राविडी’ म्हणणे आणि चार संस्कृत शब्द सापडले की ‘कन्नड ही संस्कृतची मुलगी’ म्हणणे, दोन्ही सारखेच अडाणीपणाचे.

१०/ यावर ठरलेले उत्तर येते: ‘हे वसाहतवाद्यांचे शास्त्र.’ असे म्हणणाऱ्यांनी वररुचीचा ‘प्राकृतप्रकाश’ उघडावा. दोन स्वरांमधल्या क, ग, च, ज, त, द इत्यादींचा प्राकृतात बहुधा लोप होतो, हे तिथे नियम म्हणून नोंदले आहे, युरोपात ध्वनिनियमांची चर्चा सुरू होण्याच्या कित्येक शतके आधी. आणि ‘सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली शोध लावला’ हेही अर्धेच खरे. गोव्यात राहणाऱ्या थॉमस स्टीफन्सने, पुढे मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणाऱ्या त्याच फादरने, १५८३ च्या पत्रात इथल्या भाषांचे ग्रीक-लॅटिनशी साधर्म्य नोंदवले होते. जोन्स यांनी तर आपल्या कुळात चिनी आणि जपानी यांनाही ओढले होते! साम्यावर विसंबले की साहेबही घसरतो.

११/ माझ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दोन वर्षांत भाषाशास्त्राचा एकही तास नव्हता. नाणी होती, पुराभिलेख होते, इतिहासलेखनशास्त्र होते. पण ही सारी साधने ज्या भाषेत बोलतात ती कशी बदलते, हे कोणी सांगितले नाही. ‘तो मराठी विभागाचा विषय’ असे उत्तर मिळाले. येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राची दीर्घ परंपरा आहे. इतिहासाचे किती विद्यार्थी तिथे फिरकतात?

१२/ फरक काय पडतो? १४४० साली लोरेन्झो व्हाल्लाने पोपच्या राजसत्तेला आधार असलेले कॉन्स्टंटाईनचे दानपत्र बनावट ठरवले. त्याचे एक मोठे हत्यार होते भाषा: त्या पत्रातली लॅटिन चौथ्या शतकातली नव्हती. त्यात रोमन अधिकाऱ्यांबरोबर चक्क ‘सॅट्रप’ येतात, म्हणजे आपल्या नहपानाच्या बिरुदातले ‘क्षत्रप’. रोमच्या दरबारात क्षत्रप कुठून आले, एवढा प्रश्न पुरे होता.

१३/ आपल्याकडेही सतराव्या शतकाची म्हणून पत्रे फिरतात आणि त्यांत एकोणिसाव्या शतकातल्या छापील गद्याची वाक्ये असतात. त्यांवर जमिनीचे, मानपानाचे, गावकीचे दावे उभे राहतात, माणसे एकमेकांच्या अंगावर जातात. ती वाक्ये ओळखायची कोणी?

१४/ पुढच्या थ्रेडमध्ये आक्षीचा शिलालेख घेऊ, शके ९३४. येताना ‘ल’कारान्त भूतकाळाचे प्रत्यय पाठ करून या.