'पाच हजार वर्षांच्या' औषधाचे खरे वय

पित्ताशयातील खड्यांवर 'पाच हजार वर्षांची चिनी चिकित्सा' रामबाण आहे, असे सांगणारे संदेश आपणांपैकी अनेकांपर्यंत पोहोचले असतील. औषधाचा गुण येतो का, हे वैद्यकाने ठरवावे. 'पाच हजार वर्षे' हा मात्र इतिहासाविषयीचा दावा आहे, आणि तो आपल्या अंगणात येतो. म्हणून हा धागा.

आरंभ एका मृतदेहापासून करू. १९७२ साली चीनच्या हूनान प्रांतात, छांगशाजवळ मावांगत्वेई येथे शिन च्वेई या हानकालीन सरदारपत्नीची कबर उघडली गेली. एकवीस शतके लोटूनही देह इतका शाबूत, की रीतसर शवविच्छेदन झाले. पित्तमार्गात खडे निघाले. कबरीत औषधी वनस्पती होत्या. शेजारच्या तिसऱ्या कबरीत तर रेशमावर लिहिलेले वैद्यकग्रंथच सापडले. त्या काळचे उत्तमोत्तम वैद्यक ज्या घराच्या दाराशी होते, त्या घरच्या बाईचे खडे तिच्याबरोबरच पुरले गेले. एका देहावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मान्य. पण जाहिरातदार तर एवढाही पुरावा देत नाहीत.

प्राचीन ग्रंथांत पित्ताशय हा निर्णयशक्तीचा अधिकारी मानला आहे. ते वैद्य बोलतात बरगडीखालच्या वेदनेविषयी आणि काविळीविषयी. आज खड्यांवर सर्रास सुचवला जाणारा 'ता छाय हू थांग' हा काढा चांग चुंगचिंग याने इ. स. २००च्या सुमारास सांगितला खरा, पण तो ज्वरांच्या ग्रंथात!

मग खडे 'पाडण्याची' ती प्रसिद्ध पद्धत आली कुठून? विसाव्या शतकातून. १९२९ साली चीनमध्येच जुने वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव आला होता. १९५८ साली माओने त्याच वैद्यकाला महान खजिना म्हटले. त्या राजकीय आश्रयाखाली चिनी व पाश्चात्त्य वैद्यकाच्या संयोगाचे प्रयोग झाले. त्येनचिनच्या नानखाय रुग्णालयातील वू शियेनचुंग हे त्यातले मोठे नाव, आणि ते शल्यविशारद होते. सत्तरच्या दशकात खड्यांवरील अशा उपचाराचे नावच होते 'सार्वत्रिक हल्ला': वनौषधींचा काढा, सुयांमधून वीजप्रवाह, मॅग्नेशियम सल्फेट, मॉर्फिनचे इंजेक्शन आणि तळलेली अंडी. पित्त कोंडायचे, मग एकदम मोकळे करायचे, ही कल्पना. मॉर्फिन कोणत्या प्राचीन ऋषीने दिले, हे कुणी सांगेल काय?

त्या डॉक्टरांना मी भोंदू म्हणणार नाही. आपण काय मिसळतो आहोत हे ते लपवत नव्हते. माझा राग आहे तो त्यांचे नाव पुसून त्यांच्या प्रयोगाला प्राचीनतेचा मुलामा देणाऱ्यांवर.

'मग तू योयोंचे नोबेल?' हा प्रश्न येणारच. चौथ्या शतकातील को हुंगच्या ग्रंथाने त्यांना धागा दिला. पण २०१५चा पुरस्कार मिळाला तो वनस्पतीतून वेगळे काढलेल्या, हिवतापाच्या रुग्णांवर पारखलेल्या द्रव्याला. तीच पारख खड्यांच्या काढ्यांनी द्यावी.

(जाता जाता: चिनी वैद्यकात गाईबैलांच्या पित्ताशयातला खडा हेच एक महागडे औषध आहे. आपले गोरोचन ते हेच.)

आणि हा वाद केवळ सनावळ्यांचा नाही. पित्ताशयात निवांत पडलेला खडा जागचा हलवला, की तो मुख्य पित्तनलिकेत अडकू शकतो. मग कावीळ, ताप, कधी स्वादुपिंडाचा जीवघेणा दाह. 'हल्ला' करणाऱ्या त्या रुग्णालयात शस्त्रक्रियागृह हाताशी होते. संदेश वाचून घरी काढा उकळणाऱ्याच्या हाताशी ते नसते.