गृहव्यवस्था : माशांच्या पेटीमागील तारा

दिवाणखान्यातील माशांची काचपेटी कितीही मनोहर असली, तरी तिच्यामागे लोंबणाऱ्या तारा व नळ्या दिसू लागल्या म्हणजे सारी शोभा उणावते. मागील काचेस बाहेरून काळा कागद लावावा, आणि तारा उभ्या कडेने केसिंग-पट्टीतून न्याव्या, म्हणजे हा गुंता सहज झाकतो. परंतु जे दृष्टीआड करावयाचे, ते आधी निर्धोक असावयास पाहिजे. घरात लहान मुले वावरत असता तर विशेषच.

पाणी तारेवरून ओघळते. यास्तव प्रत्येक तारेस प्लगाच्या पातळीखाली झोल द्यावा व मग ती वर न्यावी. थेंब झोलाच्या तळाशी गळून पडतो. प्लगात शिरत नाही. बटणांची पट्टी जमिनीवर किंवा पेटीखाली न ठेवता बाजूच्या भिंतीवर बसवावी.

हवेच्या नळीची गोष्ट निराळी. नेरसारख्या गावी उन्हाळ्यात वीज गेली की पंप थांबतो. तो पाण्याच्या पातळीखाली असल्यास पेटीतील पाणी नळीवाटे उलट वाहून पंपात उतरते. तेव्हा पंप उंचावर ठेवावा, अथवा नळीत एकमार्गी झडप बसवावी.

प्रत्येक प्लगास नावाची चिठ्ठी डकवावी, म्हणजे दिवा बंद करू जाता हवा बंद व्हावयाची नाही. पेटीत हात घालण्यापूर्वी वीज तोडावी. विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र घरात अवश्य असावे. वऱ्हाडातील घरोघरच्या कूलरपासूनही तेच रक्षण करते.